ऐकून घेण्याने काय होते, काय होत नाही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



येत्या वर्षी आठवड्यातली एक दुपार राखून ठेवावी, ज्या भगिनीला मनातले बोलावयाचे असेल तिने यावे आणि आपल्यापैकी कोणीतरी ते शांतपणे ऐकून घ्यावे, असे मंडळाने योजिले आहे. या योजनेवर कार्यकारिणीत दोन मते पडली. काहीजणी म्हणाल्या, नुसते ऐकून काय होणार? मार्ग दाखविता आला पाहिजे. दुसऱ्या म्हणाल्या, ऐकणारे कोणी नाही हेच तर खरे दुखणे आहे. ते मिळाले की निम्मे काम झाले. मी बरीच वर्षे कॉलेजात मानसशास्त्र शिकविले, म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. ती मी आनंदाने शिरसावंद्य मानते.

आपल्या मंडळातला हा वाद मानसोपचाराच्या क्षेत्रात ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. ज्या उपचारपद्धतीमुळे तो उभा राहिला तिला मानवतावादी उपचारपद्धती म्हणतात. तिचा मुख्य पुरस्कर्ता अमेरिकेतील कार्ल रॉजर्स. त्याचा जन्म १९०२ सालचा व मृत्यू १९८७ सालचा. त्याच्या आधी दोन मोठ्या विचारधारा प्रचलित होत्या. एक फ्रॉइडची, तिच्या मते माणसाच्या वागण्याचे मूळ त्याला स्वतःलाही ठाऊक नसलेल्या दडपलेल्या वासनांत असते. दुसरी वर्तनवाद्यांची, तिच्या मते माणूस हा लागलेल्या सवयींचा गठ्ठा असतो. दोहोंतही जाणता एकच, तो म्हणजे उपचार करणारा. रॉजर्स, मास्लो वगैरे मंडळींनी याविरुद्ध आपले म्हणणे मांडले, म्हणून त्यांच्या विचाराला तिसरी शक्ती असे नाव पडले.

रॉजर्सला ही दृष्टी कोठून आली, ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर गावी तो बारा वर्षे अवघड मुलांच्या केंद्रात काम करीत होता. तेथे एक आई आपल्या हूड मुलाला घेऊन येई. या बाईने मुलाला मनापासून आपले मानलेलेच नाही, हे त्याचे निदान ठरले. आणि तो ते तिला परोपरीने समजावून सांगू लागला. बाई ऐकून घेई, पण पुढे काहीच सरकेना. शेवटी दोघांनी मिळून ठरविले की आता हे थांबवावे. बाई उठून दारापर्यंत गेली, आणि वळून तिने विचारले, तुम्ही येथे मोठ्या माणसांनाही सल्ला देता का? होय म्हणताच ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशी बिघडलेल्या संबंधांची हकीकत तिने सांगावयास घेतली. ती आधीच्या साऱ्या नीटनेटक्या माहितीहून अगदी निराळी होती. पुढे तिचे बरे झाले आणि मुलाचेही. कोठे दुखते आणि कोणत्या दिशेने जावयाचे हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, असा बोध रॉजर्सने यातून घेतला.

घरात मूल ऐकत नाही म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या किती आयांची खरी कहाणी दुसरीच असते, हे तुम्हा भगिनींना मी का सांगावे!

रॉजर्स लहानपणची एक आठवण सांगत असे. तळघरात थंडीच्या दिवसांसाठी बटाटे साठविलेले असत, आणि त्या अंधारातही त्यांना फिकट पांढरे कोंब फुटून ते लांबवरच्या लहानशा खिडकीकडे, उजेडाकडे वाढू पाहत. कोंब वेडेवाकडे, दुबळे. पण धडपड वाढण्याचीच. माणसाचेही असेच असते, असे तो म्हणे. उपचार करणाऱ्याने कोंब ओढून लांब करावयाचा नाही; उजेड मिळेल एवढे पाहावयाचे.

हा उजेड म्हणजे काय, ते त्याने १९५७ साली एका निबंधात नेमके मांडले. त्यातील तीन गोष्टी आपण लक्षात ठेवू. पहिली, खरेपणा : ऐकणाऱ्याच्या ओठांवर एक आणि पोटात एक असे नसावे. दुसरी, विनाअट स्वीकार : तू अशी वागलीस तरच मी तुझी, ही अट नसावी. तिसरी, समानुभूती : समोरच्या व्यक्तीला जग कसे दिसते ते तिच्या जागी बसून पाहावे, पण आपली जागा विसरू नये. पेशंट हा शब्दही त्याने टाळला. वकिलाकडे जाणारा जसा अशील असतो, रोगी नसतो, तसे आपल्याकडे येणाऱ्याचे स्थान त्याने मानले.

येथे आपल्या भाषेतली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. या कामाला आपण समुपदेशन म्हणतो. म्हणजे उपदेश त्या नावातच घर करून बसला आहे! रॉजर्सचे सारे सांगणे तर असे की, उपदेश आवरा.

आता या पद्धतीचे सामर्थ्य पाहू. पहिले हे की, तिने माणसाला त्याची प्रतिष्ठा परत दिली. आपल्याकडे कितीतरी बायकांना, तुला काय हवे, हा प्रश्न जन्मात कोणी विचारलेला नसतो. मुलाला काय हवे, सासूबाईंना पथ्याचे काय, ह्यांना डब्यात काय, हे तिला मुखोद्गत असते. तिला कोणी तासभर, मध्ये न तोडता, घड्याळाकडे न पाहता ऐकून घेतले तर ती प्रथम गडबडते, मग रडते, आणि मग हळूहळू स्वतःच्या तोंडून स्वतःचेच विचार ऐकते. बोलता बोलता गुंत्याचे टोक तिचे तिलाच सापडते. आपण काढून दिलेल्या टोकापेक्षा ते टिकाऊ असते, कारण ते तिचे असते.

दुसरे सामर्थ्य प्रामाणिकपणाचे. त्या काळी उपचाराच्या खोलीत काय चालते हे बाहेर कोणालाच कळत नसे. रॉजर्सने संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात एका संपूर्ण उपचाराची शब्दशः नोंद छापली. आमचे काम तपासा, असे म्हणण्याचे धैर्य त्याने दाखविले.

तिसरे, ही केवळ गोड कल्पना नव्हे, तिचा गुण मोजूनही पाहिला आहे. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे नैराश्याने पीडित अशा ५१० जणांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रॉजर्सच्या परंपरेतील उपचार मिळाला, निम्म्यांना विचार व वर्तन बदलावयास शिकविणारा उपचार. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिला उपचार दुसऱ्याहून उणा ठरला नाही.

परंतु भगिनींनो, त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. वर्षअखेर पाहिले तेव्हा विचार-वर्तनाच्या उपचाराने पारडे आपल्याकडे झुकविले होते. मन मोकळे झाल्याने मिळालेला आराम खरा. पण उद्या पुन्हा मळभ आले तर काय करावयाचे याची हातात दिलेली साधनेही लागतात, असा अर्थ मी त्यातून काढते.

मर्यादेचा सर्वांत मोठा धडा खुद्द रॉजर्सच्याच हातून मिळाला. छिन्नमनस्कतेच्या तीव्र आजारात ही पद्धती कितपत चालते, हे पाहण्यासाठी विस्कॉन्सिन राज्यातील मेंडोटा येथील सरकारी मनोरुग्णालयात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला. निष्कर्ष १९६७ साली ग्रंथरूपाने आले. ज्यांचे ऐकणारे अधिक समानुभूतीचे होते ते रुग्ण तुलनेने बरे राहिले. पण एकंदर पाहता उपचार मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फारसा फरक पडला नाही. अनेक रुग्ण आपणहून आलेले नव्हते, कित्येकांना बोलावयाचेच नव्हते. कानात आवाज येतात, कोणी जेवणात विष घालते असे वाटते, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी माया हवीच, परंतु मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आणि औषध यांना पर्याय नाही. तसेच वारंवार हात धुण्यासारख्या मंत्रचळेपणात, ज्या गोष्टीची भीती वाटते तिला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा ठराविक अभ्यासच कामी येतो. आणि कित्येकदा मनाचे म्हणून जे वाटते ते देहाचे असते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंद झाली तरी बाई उदास होते. अंगात रक्त कमी असले तरी ती सदा थकलेली असते. तिला आपण महिनोन्महिने केवळ ऐकत बसलो, तर ती दया नव्हे, ते दुर्लक्ष होय.

दुसरी मर्यादा बाहेरच्या जगाची. मास्लोने १९४३ साली माणसाच्या गरजांची उतरंड मांडली. आपल्या घरच्या उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाशी असते; त्याने मांडलेल्या उतरंडीतही तळाशी अन्न, पाणी, झोप; मग सुरक्षितता; मग माया, मान; आणि अगदी वर स्वतःचा पूर्ण विकास. ही मांडणी पायरी न पायरी तशीच असते असे नाही, यावर विद्वानांनी पुष्कळ टीका केली आहे. पण एवढे खरे की, जिला रात्री मार खाऊन झोपावे लागते तिला, तुमच्या मनात काय दाटून येते, एवढेच विचारणे पुरे नाही. दुखणे तिच्या मनात नाही, तिच्या घरात आहे. ती आपल्या अंतरंगात पाहून बदलेल, पण मारणारा हात त्याने थांबणार नाही. तेथे २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा, संरक्षण अधिकारी आणि रात्री निवाऱ्याला एक सुरक्षित जागा लागते. मानवतावादी विचाराचा रोख एकट्या व्यक्तीवर आहे. तो अमेरिकेच्या मातीतला गुण आहे आणि तिथलाच दोषही. आपल्या बाईला स्वतःचे मन हवे आहे, आणि माणसेही हवी आहेत. दोन्ही एकदम कसे सांभाळावयाचे, याचे उत्तर त्या ग्रंथांत आयते सापडणार नाही.

तिसरी मर्यादा बारीक आहे, पण आपल्या कामी ती अधिक उपयोगाची. ही पद्धती वरवर फार सोपी दिसते. समोरची म्हणाली, मला कंटाळा आला. आपण म्हणावयाचे, म्हणजे तुम्हाला कंटाळा आला आहे. झाले! १९६६ साली जोझेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने संगणकाला नेमके हेच शिकविले आणि त्या कार्यक्रमाला एलायझा नाव दिले. यंत्राला कळत काहीच नव्हते. ते फक्त शब्द उलटवून प्रश्न करी. तरी त्याच्या स्वतःच्या कचेरीतील बाई त्या यंत्राशी बोलू लागल्यावर त्याला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर जाता का? आज तर खिशातल्या फोनशी मनीचे गुज बोलणारी माणसे आपल्याही घरांत आहेत. ऐकले जाण्याची भूक किती मोठी आहे, हे यावरून दिसते. आणि ऐकल्याचा देखावा किती स्वस्तात होतो, हेही दिसते. म्हणूनच पोपटपंची नको. कळले नाही तर, मला नीट समजले नाही, पुन्हा सांगाल का, असे सरळ विचारावे. त्याला रॉजर्सही खरेपणाच म्हणेल.

तर मग आपल्या दुपारचे काय? माझे मत विचाराल तर ती अवश्य सुरू करावी. मात्र ती ऐकण्याची दुपार असावी, उपचाराची नव्हे, आणि तसे आपण मोकळेपणी सांगावे. घरोघर जमलेल्या साध्या दुःखाला, म्हणजे एकटेपणाला, सासरमाहेरच्या ओढाताणीला, मुले परगावी गेल्यावर पडलेल्या पोकळीला, तिचा निश्चित उपयोग होईल. जे ऐकू ते दाराबाहेर जाता कामा नये. आपली गल्ली लहान आहे, आणि गेलेला विश्वास परत येत नाही. याला अपवाद एकच, जिवाला धोका असेल तेव्हाचा. आणि तो अपवाद येणारीला आधीच सांगून ठेवावा. कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलली, तर विषय बदलू नये. तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का, असे मायेने पण स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलावयास वाट होते. मग तिला एकटी सोडू नये, घरच्या विश्वासाच्या माणसाला कळवावे, डॉक्टरकडे न्यावे. सरकारची १४४१६ ही दूरध्वनीसेवा २०२२ सालापासून आहे. तो क्रमांक आणि जवळच्या मनोविकारतज्ज्ञाचा, संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता आपल्या फलकावर लावून ठेवावा. आणि ऐकणाऱ्या भगिनींनी आधी चार दिवस एखाद्या शिकलेल्या समुपदेशकाकडून धडे घ्यावेत. उत्साह हे शिक्षण नव्हे.

कार्यकारिणीतील दोन्ही पक्षांना मी म्हणेन की तुम्ही दोघीही बरोबर आहात, फक्त तुमचे बोलणे निरनिराळ्या बायकांविषयी चालले आहे. दार उघडून आत आलेली बाई त्यांतली कोणती, हे ओळखता यावयास हवे. आणि ते ओळखण्यासाठीसुद्धा आधी तिचे पुरते ऐकून घ्यावे लागते.