नोकियाचा उत्कर्ष, ऱ्हास आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला ‘तंत्रज्ञान आणि रोजगार’ असा भारदस्त विषय दिला आहे. त्यावर पुस्तकी व्याख्यान देणे मला जमण्यासारखे नाही आणि ते ऐकणे तुम्हालाही सोसण्यासारखे नाही. म्हणून मी एकाच कंपनीची हकीकत सांगणार आहे. त्याला कारणही तसेच घडले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ती बातमी आल्यापासून आपल्यापैकी अनेक पालक मला रस्त्यात थांबवून विचारतात, “सर, पोराला कॉम्प्युटरला घालू की नको?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र एवढे मोठे कारखाने का बसतात आणि ते बसल्यावर माणसांचे काय होते, हे आपण पाहू शकतो. मग उत्तर तुमचे तुम्हीच शोधाल.

ज्या कंपनीबद्दल बोलणार आहे ती तुम्हा सर्वांच्या घरात होऊन गेली आहे. कपाटाच्या खालच्या खणात हात घाला, जुन्या बिलांच्या खाली एखादा नोकियाचा फोन सापडेल. २००३ साली निघालेला, पुढच्या टोकाला बॅटरी असलेला ‘११००’ आठवतो ना? जगभर त्याचे २५ कोटींच्या आसपास नग विकले गेले. कोकणातल्या कितीतरी मातांनी कुवेत-दुबईला गेलेल्या मुलाचा आवाज त्याच फोनवर ऐकला. वीज गेली की त्याच्याच उजेडात वजूचे पाणी काढले जात असे. तो फोन बिघडत नसे, आणि ज्याने तो बनवला ती कंपनीही कधी बिघडणार नाही असे सर्वांना वाटत होते.

ही कंपनी फिनलंड देशाची. त्या देशाची एकूण लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. १८६५ साली एका ओढ्याच्या काठी कागदाचा लगदा करणारी गिरणी निघाली, ही तिची सुरुवात. पुढे रबराचे बूट, टायर, विजेच्या केबल्स असे धंदे जोडले गेले आणि १९६७ साली ते सर्व एका नावाखाली आले. मोबाईलचा धंदा खऱ्या अर्थाने वाढला तो सालो नावाच्या गावी. तेथे सालोरा ही रेडिओ-टेलिव्हिजन बनवणारी कंपनी होती. नोकियाने तिच्याशी भागीदारी करून १९७९ साली मोबिरा ही कंपनी काढली. १९९८ साली नोकिया मोबाईल बनवणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी झाली. २००० साली फिनलंडच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे ४ टक्के वाटा आणि निर्यातीचा सुमारे पाचवा हिस्सा या एकट्या कंपनीचा होता. २००७-०८ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाईलपैकी जवळजवळ चार नोकियाचे असत.

अशी ही भरभक्कम इमारत सहा-सात वर्षांत खाली आली. २००७ च्या जानेवारीत ॲपलने आयफोन दाखवला, त्यानंतर गूगलची अँड्रॉइड प्रणाली आली आणि फोन हा बोलण्याचा डबा न राहता खिशातला संगणक झाला. नोकियाची जुनी सिम्बियन प्रणाली त्या कामाला तोकडी पडू लागली. तेथील अभियंत्यांना हे कळत नव्हते असे नाही. वुओरी आणि हुई या दोन अभ्यासकांनी कंपनीतील आणि तिच्याशी संबंधित ७६ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि २०१६ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मधल्या फळीतले अधिकारी वरिष्ठांना घाबरत होते. ‘हे काम वेळेत होणार नाही’, ‘ही प्रणाली चालणार नाही’ असे वर सांगण्याची हिंमत होत नसे, कारण सांगणाऱ्याची गणना निकम्म्यांत होई. वरच्यांना वाटे सर्व काही ठीक आहे. खालच्यांना ठाऊक होते की ठीक नाही. विद्यार्थी मित्रांनो, सहामाहीत गणितात नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक दप्तरात लपवून घरी ‘चांगला गेला पेपर’ म्हणतो, तसलाच हा प्रकार. पालकांनी मनावर घेऊ नये, पण तो प्रगतिपुस्तक का लपवतो याचाही विचार कधीतरी व्हावा.

फेब्रुवारी २०११ मध्ये नवे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून सिम्बियनला निरोप देण्याचे ठरवले. जून २०१२ मध्ये कंपनीने जगभरातील १०,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. सालोचा कारखाना त्यातच बंद झाला. सप्टेंबर २०१३ मध्ये मोबाईलचा सगळा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरले आणि एप्रिल २०१४ मध्ये तो हस्तांतरित झाला. तीनच महिन्यांनी, जुलै २०१४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने १८,००० माणसांची कपात जाहीर केली. त्यांपैकी सुमारे १२,५०० नोकियाकडून आलेली होती. २०१५ मध्ये आणखी ७,८०० गेले. सालोत संशोधन-विकासाचा जो विभाग उरला होता तोही त्याच तडाख्यात बंद पडला.

सालो हे तसे छोटे गाव. आसपासच्या खेड्यांसह पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचे. भरभराटीच्या दिवसांत तेथील सुमारे ५,००० माणसे नोकियात होती. कित्येक घरी नवरा-बायको दोघेही त्याच फाटकातून आत जात. फाटक बंद झाल्यावर नगरपालिकेला कंपनीकडून येणारा कराचा ओघ आटला. घरांच्या किमती उतरल्या, त्यामुळे दुसऱ्या गावी काम मिळाले तरी घर विकून जाणे परवडेना. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरणगावात आणि मदनपुऱ्यात काय झाले, ते या सभागृहातील बुजुर्गांना मी सांगावे असे नाही. साच्यावर उभी हयात काढलेल्या विणकराचे हात तेच राहिले, पण त्यांना विचारणारा कोणी उरला नाही.

तरी सालोत एक वेगळी गोष्ट घडली. तिच्यासाठीच मी हा विषय निवडला.

ती समजायला थोडे मागे जावे लागेल. जानेवारी २००८ मध्ये नोकियाने जर्मनीतील बोखुम गावचा कारखाना बंद करण्याचे अचानक जाहीर केले. २,३०० माणसांची रोजी गेली. काम रुमानियात हलवले गेले, कारण मजुरी तेथे स्वस्त होती. (तो रुमानियाचा कारखानाही २०११ साली बंद करण्यात आला, हेही ध्यानात असू द्या. स्वस्ताई शोधत गेलेले काम तेथेही स्थिरावत नाही.) बोखुममध्ये सुमारे १५,००० लोक रस्त्यावर उतरले, मंत्र्यांनी आपले नोकियाचे फोन टाकून दिले, आणि कंपनीला पैशाबरोबर अब्रूही गमवावी लागली. त्या चटक्यातून शिकून २०११ साली कंपनीने ‘ब्रिज’, म्हणजे पूल, या नावाची योजना आखली. नोकरी जाणार आहे हे माणसाला आधी सांगायचे. पुढे काय करायचे आहे ते त्याच्याशी बसून ठरवायचे. कंपनीत दुसरे काम, बाहेर नोकरी, नवे शिक्षण की स्वतःचा धंदा, त्याप्रमाणे मदत द्यायची. धंदा काढणाऱ्याला माणशी २५,००० युरोपर्यंत भांडवल मिळे. तेरा देशांतील सुमारे १८,००० माणसे या कपातीत आली होती. त्यांपैकी साठ टक्के लोकांचे पुढचे पाऊल कामाच्या शेवटच्या दिवशी ठरलेले होते आणि सुमारे एक हजार नवे छोटे उद्योग उभे राहिले. कंपनीला याचा खर्च आला सुमारे पाच कोटी युरो. एकंदर पुनर्रचनेच्या खर्चात ही रक्कम अगदीच किरकोळ होती.

मी त्या कंपनीचे गुणगान करीत नाही. अभियंत्याला जे साधले ते साच्यासारखे एकच काम वीस वर्षे केलेल्या पन्नाशीच्या बाईला तितके साधले नाही. परंतु तिच्याही पायाखाली काही जमीन होती. पगाराच्या प्रमाणात बेकारभत्ता होता, सरकारचे प्रशिक्षण होते, युरोपीय संघाच्या निधीतून सालोच्या कामगारांसाठी वेगळी मदत आली होती. मुख्य म्हणजे त्या देशात चाळिशीतला माणूस पुन्हा वर्गात जाऊन बसला तर कोणी हसत नाही.

आता आपल्या देशात या. चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर आहे, जेथे १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाली. तेथे २००६ च्या आरंभी नोकियाचा कारखाना सुरू झाला. भरात असताना सुमारे ८,००० कायम कामगार आणि त्यांच्याखेरीज कंत्राटी. शेजारी सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत आणखी हजारो. यांत बारावी झालेल्या खेड्यांतल्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. कंपनीची बस दाराशी येई, पगार वेळेवर होई, घरात भावाची फी भरली जाई. अशा वेळी पुढे शीक असे त्या मुलीला कोण म्हणणार? आपणही म्हटले नसते.

जानेवारी २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याने त्या कारखान्यावर धाड घातली. फोनमध्ये भरायच्या सॉफ्टवेअरपोटी मूळ कंपनीला जे पैसे दिले त्यावर कर कापला नाही, असा आक्षेप होता आणि मागणी दोन हजार कोटी रुपयांच्या वर होती. मालमत्ता गोठवली गेली. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३,५०० कोटींची हमी मागितली. त्यामुळे मायक्रोसॉफ्टशी झालेल्या सौद्यातून हा कारखाना वगळला गेला आणि तो ना याचा ना त्याचा, असा लोंबकळत राहिला. त्याचा माल साध्या फोनचा, त्याचीही मागणी घटत होती. कामगारांनी चेन्नईला उपोषण केले. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि हजारोंनी ती घेतली. इच्छा कोणाची होती, हे त्या शब्दात दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने मागणी थांबवली आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून कारखाना बंद झाला. डिसेंबरात शेजारच्या फॉक्सकॉनचेही काम थांबले. मग खानावळवाले, बसवाले, खोल्या भाड्याने देणारे, एकामागून एक सर्वांनाच झळ लागली.

पालक बंधुभगिनींनो, त्या मुलींचा हिशेब करून पहा. अठराव्या वर्षी लागलेली मुलगी कारखाना बंद झाला तेव्हा सव्वीस वर्षांची. हाती निवृत्तीची एकरकमी रक्कम, आणि शिक्षण अठराव्या वर्षी होते तेवढेच. फोनची पाटी पडताळण्यात ती कितीही तरबेज असो, ते कौशल्य दाखवायला त्या फाटकाबाहेर दुसरी जागा नव्हती. जवळच्या कारखान्यांना पुन्हा अठरा-वीस वर्षांच्याच मुली हव्या होत्या. सालोचा अभियंता आणि ही मुलगी एकाच कंपनीची माणसे. कंपनी दोघांचीही बुडाली. फरक पडला तो बुडण्यापूर्वी कोणाजवळ काय होते आणि बुडाल्यावर कोणते दार उघडे होते, यामुळे.

तेव्हा ‘कॉम्प्युटरला घालू की नको’ हा प्रश्न मला थोडा वेगळ्या तऱ्हेने विचारावासा वाटतो. मुलगा कॉम्प्युटरला जावो, आयटीआयला जावो, फार्मसीला जावो. पहिला पगार आल्यावर त्याचे शिकणे चालू राहणार की थांबणार? आपल्या समाजात ते थांबते. मुलीचे तर निकाह ठरला की थांबते. बारावीनंतर मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये, गोदामात दहा-पंधरा हजारांची नोकरी लागते, घरची गरज खरी असते, आणि मी त्या पगाराला नावे ठेवणार नाही. पण आठवड्याचे सहा तास तरी त्या मुलाचे स्वतःचे असू द्या. त्या सहा तासांची कमाई घरात मागू नका.

सालोत आणि श्रीपेरुंबुदूरमध्ये पुढे काय झाले तेही सांगतो. सालोच्या नोकियाच्या इमारतीत २०१९ साली वाल्मेट कंपनीने विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्या बनवायला सुरुवात केली. त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरचा बंद पडलेला कारखाना साल्कॉम्पने घेतला. ही मोबाईलचे चार्जर बनवणारी कंपनी, आणि तिचा जन्म सालोचाच. म्हणजे इमारतींना पुन्हा काम मिळाले. २००६ साली कामाला लागलेल्या मुली मात्र तोवर तिशी ओलांडून गेल्या होत्या.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवतो, आणि तो लेखीही देत आहे. आपली शाळा संध्याकाळी सहाला बंद होते. तिच्या वाचनालयाची खोली रोज सहा ते साडेआठ उघडी ठेवावी, ती आजच्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर येथून बाहेर पडून नोकरीला लागलेल्या आणि नोकरी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अर्ज, आयटीआयचे अर्ज, कर्जाचे कागद भरून देणारा एक जाणता माणूस तेथे बसावा. खर्च एका दिव्याचा, एका पंख्याचा आणि एका मानधनाचा. आठवड्यातून दोन संध्याकाळ मी स्वतः बसेन. भगिनींसाठी शनिवार दुपार राखून ठेवता येईल, मात्र त्याला शिक्षिकांपैकी कोणी पुढे यावे लागेल. आपल्या मोहल्ल्यात ज्यांची नोकरी गेल्या वर्ष-दोन वर्षांत गेली आहे, त्यांची नावे आज जाण्यापूर्वी कार्यालयातील वहीत लिहून द्या. काहीजण लाजेने स्वतः येणार नाहीत. त्यांची नावे त्यांना विचारून तुम्ही द्या.