आकाशातला विंचू

मे महिन्याच्या अखेरीला, पावसाळी ढग जमायच्या आधी, रात्री अकराच्या सुमारास गच्चीवर जा आणि दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिज आणि माथा यांच्या मध्यावर, किंचित खाली, एक लालसर ठळक तारा लुकलुकताना दिसेल. ती ज्येष्ठा, वृश्चिक राशीचं काळीज. लाल ठिपका लुकलुकत नसेल, तर तो मंगळ असू शकतो. दर दोनेक वर्षांनी तोही या भागातून जातो.

ज्येष्ठेच्या वर, उजव्या हाताला, तीन तारे एका ओळीत आहेत. ती अनुराधा, विंचवाचं डोकं. आता ज्येष्ठेपासून खाली या. एकेक तारा धरत नजर क्षितिजाकडे उतरते, मग डावीकडे वळते आणि पुन्हा वर चढते. टोकाला दोन तारे अगदी जवळजवळ. ती नांगी, मूळ नक्षत्रातली. बारा राशींत नावाशी इतकी हुबेहूब जुळणारी दुसरी रास नाही. आणि ती पुरती दिसावी अशा जागी आपण राहतो, हे आपलं भाग्य. मुंबईहून नांगी क्षितिजावर सुमारे ३४ अंश चढते. लंडनला ती जेमतेम क्षितिजाला टेकते.

तरीही खात्री वाटत नसेल, तर भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. ज्या दिवशी चंद्रनक्षत्र ज्येष्ठा छापलेलं असेल, त्या रात्री चंद्र याच लाल ताऱ्याच्या आसपास असतो. वटपौर्णिमेचा चंद्रही आकाशाच्या याच भागात असतो. मात्र पौर्णिमेच्या उजेडात शेपटीचे मंद तारे बुडतात. त्यांच्यासाठी आठवडाभर थांबावं, चंद्र मध्यरात्रीकडे उगवू लागतो तोवर.

मूळ, ज्येष्ठा ही नावं आपल्याकडे अजून धास्तीनं घेतली जातात. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट, असं म्हणून जुळत आलेली लग्नं मोडतात. ज्येष्ठेचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तिथून सुमारे ५५० वर्षांपूर्वी निघाला. हा तारा सूर्याच्या जागी ठेवला, तर पृथ्वीच काय, मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. अशा ताऱ्यांचा दोष एखाद्या मुलीच्या माथी मारणं हा तिच्यावरचा धडधडीत अन्याय आहे. तुमच्या घरात मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी असेल, तर यंदा तिला गच्चीवर न्या आणि नांगीचे ते दोन तारे दाखवा. शहराच्या उजेडातही त्यांतला मोठा तारा सहज सापडतो.