बौद्ध धर्मात ईश्वर आहे काय?



‘सर, बौद्ध लोकांचा खुदा कोण?’ असे आठवीच्या वर्गात मला विचारले गेले. ‘बुद्ध’ हे उत्तर तुमच्याही ओठांवर आले असेल. ते चूक आहे. गौतम बुद्धांनी स्वतःला ना ईश्वर म्हटले, ना ईश्वराचा प्रेषित.

त्यांच्या धम्मात देव आहेत, निर्माता नाही. पाली दीघनिकायातील केवट्टसुत्तात एक मिस्कील कथा आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते कोठे निःशेष होतात, असा प्रश्न एका भिक्षूला पडला. देवलोकांत विचारत विचारत तो महाब्रह्मापर्यंत पोहोचला. ब्रह्मा आपण सर्वांचा कर्ता असल्याचेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. अखेर हात धरून त्याने भिक्षूला बाजूला नेले आणि कबूल केले की, आपल्याला ठाऊक नाही, पण या देवांसमोर तसे बोलवत नाही. बुद्धांनाच जाऊन विचार!

मग बऱ्यावाईटाचा हिशेब कोण घेतो? बौद्ध मताप्रमाणे कोणी नाही; कर्माचे फळ कार्यकारणाच्या नियमाने मिळते. आपण कयामतीच्या दिवशी अल्लापुढे जाब द्यावा लागेल असे मानतो. हा फरक मोठा आहे. ‘सगळे धर्म एकच’ असे सौजन्याने म्हणून तो झाकू नये, असे मला वाटते.

‘देव न मानणाऱ्यांना नीती कुठली?’ असे एका पालकांनी मला विचारले होते. मी त्यांना पंचशील सांगितले : हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य, पाचही वर्ज्य. ते काही बोलले नाहीत.