तिला शिकवायला बाई कुठे होती?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसांबरोबर काम करायचं तर सुरुवात कुठून करायची, असा विषय मला दिला आहे. समाजकार्याच्या काही विद्यार्थिनी समोर बसल्या आहेत. त्यांना अभ्यासक्रमाची आणि नोकरीची माहिती हवी असणार. ती सांगते, पण आधी १९९४ साल.

त्या वर्षी शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची (शब्द तेव्हाचा) गर्भाशयं पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढली गेली. मी तेव्हा बालवाडीच्या वयाची होते. तुमच्यातल्या काही जणी मात्र निदर्शनांत होत्या. कारण दिलं गेलं ते असं, की या मुलींना पाळीतली स्वच्छता राखता येत नाही. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्ही हे प्रकरण शरीरावरच्या हक्काचा प्रश्न म्हणून शिकलो. तो तसा आहेच. पण प्रत्यक्ष कामाला लागल्यावर मला आणखी एक प्रश्न दिसायला लागला. त्या मुलींना पाळी शिकवायला कोण होतं? शस्त्रक्रियेला पर्याय होता, आणि तो पर्याय म्हणजे एक पगारी माणूस. आज मी त्या नोकरीबद्दल बोलते आहे.

पॅड बदलणं हे आपल्याला एक काम वाटतं. शिकवायला बसलं की त्याच्या दहा-बारा पायऱ्या होतात. निकर खाली घेणं, वापरलेलं पॅड सोडवणं, कागदात गुंडाळणं, टोपलीत टाकणं, नवं पॅड जागेवर चिकटवणं, निकर वर घेणं, हात धुणं. आम्ही बऱ्याचदा शेवटून सुरुवात करतो. बाकी सगळं आपण करायचं आणि मुलीने फक्त हात धुवायचे. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी तिच्याकडे. म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरं करण्याचा मान तिचा! निकरवर पॅडच्या आकाराची रेघ दोऱ्याने शिवून ठेवायची, म्हणजे कुठे चिकटवायचं ते दिसतं. पाळी नसतानाही लाल शाई लावून सराव करायचा, कारण महिन्यातून चारच दिवस शिकवून हात बसत नाही. बावीस वर्षांच्या एका मुलीला यासाठी अकरा महिने लागले. तिची आई मला पहिल्या भेटीत म्हणाली होती, “ताई, तो पिशवी काढायचा डॉक्टर कुठे भेटेल तेवढं सांगा.” मला त्या आईचा राग आला नाही. वीस वर्षं एकटीने हगणं-मुतणं काढणाऱ्या बाईला आपण कायदा वाचून दाखवणार आणि चहा पिऊन निघून येणार, हे मला पटत नाही.

कायदा माहीत मात्र हवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिचं प्रजनन बंद करणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. २००९ साली चंदीगडच्या एका प्रकरणात, सरकारी संस्थेत राहणाऱ्या, बलात्कारातून गर्भवती झालेल्या मुलीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करायला नकार दिला. आता संमती समजून घ्यायची, तर जिला बोलता येत नाही तिची कशी घ्यायची? तेच आपलं काम. चित्रांची कार्डं, खुणा, वस्तू समोर ठेवून निवड. त्या मुलीला मी ‘नको’चं कार्ड शिकवलं, तेव्हा ते तिने पहिल्यांदा वापरलं माझ्यावरच. अंघोळीच्या वेळी मला खोलीबाहेर काढलं. आई ओशाळली. मी मात्र खूश होते. जिला अंघोळीच्या वेळी ‘नको’ म्हणता येतं, तिला इतरत्रही म्हणता येण्याची शक्यता असते.

आता नोकरीचं. विशेष शिक्षिका व्हायचं तर १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. नुसत्या एम.एस.डब्ल्यू.वर ते होत नाही. आपल्या वाट्याला घरभेटी, दाखले, दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, पालकत्वाचे अर्ज. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे कित्येक घरांत ठाऊकच नसतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं. पण कागदांच्या आधी महिनाभर कुणा आयेच्या हाताखाली काम करा, असं मी सांगेन. भरवणं, उचलणं, लाळ पुसणं. पदव्युत्तर मुलींना हे कमीपणाचं वाटतं, मग फायलींत मन रमतं.

पैशाचं बोलणं आपण टाळतो. मी एका संस्थेत लागले तेव्हा पगाराला ‘मानधन’ म्हणत आणि तेही तीन-तीन महिने यायचं नाही. आयांचं तर त्याहून कमी. सगळ्या बायका. “तुमच्याकडे बघून पुण्य वाटतं हो,” असं पाहुणे म्हणायचे. पुण्यावर भाडं भागत नाही! सहा महिन्यांत चार आया सोडून गेल्या, की मुलीची अर्धी शिकलेली पायरीही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून आयेचा पगार हा त्या मुलीच्या हक्काचा भाग आहे, आणि तो आपल्या मागण्यांच्या यादीत मला क्वचितच दिसतो.

शेवटी तुमच्याकडे एक काम आहे. अशा स्त्रीवर बलात्कार झाला, तर तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाष्या किंवा विशेष शिक्षिकेच्या उपस्थितीत नोंदवायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, ही तरतूद २०१३पासून आहे. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. दंडाधिकाऱ्यांसमोरचा तिचा असा जबाब सरतपासणी म्हणून धरता येतो. पण रात्री अकरा वाजता ठाणेदाराने “बोलवा तुमची शिक्षिका” म्हटलं, तर आपण कुणाला फोन करणार? मागच्या टेबलावर मी तालुकावार कोरा तक्ता ठेवला आहे. जेवायला जाण्याआधी आपापल्या तालुक्यापुढे निदान एक नाव लिहा. ज्यांच्याकडे नाव नाही, त्यांनी तालुका तेवढा लिहून जा.