गाडीतलं रबर आणि टाकीतलं पेट्रोल

पापड-मसाले पोचवायला, भाजी बाजारात न्यायला आपल्या बऱ्याच गटांनी जुन्या पेट्रोल गाड्या घेतल्यात. टायर बघणं, ऑइल बघणं आपण शिकलो. पण टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारा पाईप रबराचा असतो, जोडाजोडाला रबराची रिंग असते, तिकडे कुणी बघत नाही.

आमच्या गटाची व्हॅन पावसाळ्यात दीड महिना उभी होती. परत चालू केली तर मागं बसणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, पेट्रोलचा वास येतोय. गॅरेजवाला म्हणाला, टाकीत सफाईची बाटली ओता, सगळं साफ होईल. आमच्या अध्यक्ष मावशी म्हणाल्या, "बाटली राहू दे बाबा, आधी पाईप दाखव." पाईप वाकवला आणि त्याला बारीक चिरा दिसल्या. खाली गरम इंजिन, वर सहा बायका. ठिणगी पडायचाच अवकाश होता.

असं का होतं? रबर पेट्रोलात थोडं फुगतं. आता पेट्रोलात इथेनॉल असतं, २०२५ पर्यंत देशभर त्याचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलमुळं काही जातींचं रबर जास्त फुगतं, मऊ पडतं. शिवाय रबर लवचिक राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो, तो हळूहळू पेट्रोलात उतरतो. रबर भिजलेलं आहे तोवर कळत नाही. गाडी उभी राहिली, पाईप सुकला, की ते आकसतं, कडक होतं आणि तडकतं. भिजवलेला हरभरा परत वाळवला तर जसा सुरकुततो तसंच. म्हणून चालू गाडीपेक्षा उभ्या गाडीची जास्त काळजी.

इथेनॉलवर आमचा राग नाही बरं का. ऊस आपलाच, आपणच तो कारखान्याला घालतो. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांमध्ये वीस टक्के इथेनॉल सोसणारं रबर घालतात. पण गटांना परवडतात त्या गाड्या त्याच्या आधीच्या.

आता बाटल्यांचं. पेट्रोलात घालायचं चांगल्या प्रतीचं सफाईचं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापात घातलं तर सहसा रबराला त्रास होत नाही. ते आतला मळ काढतं, चिरलेला पाईप मात्र सांधत नाही. "ऑइल गळती बंद" म्हणून मिळतं ते वेगळं. ते इंजिन ऑइलमध्ये घालतात, त्यानं आकसलेलं सील फुगतं आणि गळती काही दिवस थांबते. सील फाटलेलं असेल तर पैसे वाया. थिनर किंवा रॉकेल तर अजिबात ओतू देऊ नका, कुणी कितीही स्वस्तात सांगितलं तरी. थिनरनं नेहमीच्या काळ्या रबराची वाट लागते. खात्री हवी असेल तर सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा काचेच्या बाटलीत थोड्या पेट्रोलात, चुलीपासून लांब, रात्रभर ठेवून बघा. सकाळी तो केवढा होतो ते कळेल.

पाईप सकाळी, इंजिन गार असताना बघायचा. जोडाशी ओल आहे का, बोटाला चिकट लागतं का, वाकवल्यावर चिरा दिसतात का. वास येत असेल तर गाडी चालू करू नका. वास मारतो म्हणून कुणी गाडीत उदबत्ती लावतं, ते तर नकोच.

बदलायचा झाला तर जुन्या पाईपचा तुकडा बरोबर न्या आणि "इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारा द्या" असं स्पष्ट सांगा. क्लिपाही नव्या घ्या. पाईप बसवल्यावर इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून जोड पुन्हा तपासायला लावा, मगच पैसे द्या. आणि बिल गटाच्या नावानं घ्या.