आधुनिक बांधकाम-साहित्य आणि आपल्या भिंती
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या दुरुस्तीचा प्रश्न आज सभेपुढे आहे. तळमजल्याच्या दगडी भिंतींना ओल आली असून गिलाव्याचे पोपडे सुटत आहेत. वरच्या मजल्याचे जुने सिमेंटचे पत्रे गळत आहेत. भिंतींवर पी.व्ही.सी.चे पॅनेल बसवावेत आणि पत्र्यांखाली फॉल्स सीलिंग करून घ्यावे, अशी सूचना आली आहे. सूचना सद्हेतूची आहे आणि खर्चही बेताचा आहे. तथापि तिचा स्वीकार करण्यापूर्वी या नव्या साहित्याचे गुण कोणते आणि मर्यादा कोणत्या, याचा विचार व्हावा, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. ज्यांची गावाकडील घरे दुरुस्तीला आली आहेत, त्यांनाही हे विवेचन उपयोगी पडावे.

प्रथम जुनी भिंत समजून घेऊ. आपल्या पूर्वजांनी दगड, जांभा किंवा वीट चुन्यात बांधली. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो. चुनकळी विरवून तो चुना भिंतीत घातला की तोच वायू हवेतून हळूहळू परत घेऊन तो पुन्हा दगडासारखा होतो. असा चुना सच्छिद्र राहतो. दिव्याची वात तेल ओढते, तशी भिंत जमिनीतील ओल वर ओढते; परंतु चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडून वाळूनही जाते. दरवर्षीची सफेती ही केवळ शोभा नव्हती. भिंतीची ती निगाच होती.

इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन याने 1824 साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. सिमेंटने बांधकामाचे रूप पालटले. उंच इमारती, पूल, धरणे त्याच्याच बळावर उभी आहेत, आणि त्याचा तिरस्कार करण्याचे काहीच कारण नाही. परंतु चुन्याच्या मऊ भिंतीवर सिमेंटचा कठीण गिलावा चढविला आणि वर प्लॅस्टिक पेंट दिला, की ओलीची वाट बंद होते. ओल आतच साठते, आणखी वर चढते, लोणा धरतो आणि अखेर गिलावा दगडाची कपची घेऊन सुटतो. आपल्या वसतिगृहात हेच घडले आहे. अशा भिंतीवर पॅनेल ठोकले, तर ओल जाणार नाही. ती फक्त दिसेनाशी होईल, आणि पॅनेलमागे बुरशी वाढत राहील.

आता जिप्समकडे वळू. हे खनिज सुमारे 150 अंशांवर तापविले की त्यातील बहुतेक पाणी निघून जाते व प्लॅस्टर ऑफ पॅरिस तयार होते. पॅरिसजवळच्या खाणींवरून त्याला हे नाव पडले. पाणी मिसळताच ते काही मिनिटांत घट्ट होते. कागदाच्या दोन थरांत जिप्सम भरले की जिप्सम बोर्ड होतो. त्याचा मोठा गुण असा की, त्यात वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके पाणी बद्ध असते. आग लागली असता ते वाफ होऊन उष्णता काही काळ थोपविते. दोष असा की ते ओलीत टिकत नाही. म्हणून कोरड्या खोलीचे छत त्याने जरूर करावे. न्हाणीघर, ओली भिंत किंवा गळके छप्पर यांच्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नये.

वरच्या मजल्यावर अभ्यासिकेसाठी आडभिंती घालावयाच्या आहेत. तेथे ए.ए.सी. ब्लॉक, ज्यांना गवंडी सिपोरेक्स म्हणतात, ते योग्य होत. अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीने मिश्रणात वायूचे बुडबुडे उत्पन्न करून, नंतर ते दाबाखालील वाफेत पक्के करतात. त्यामुळे हे ब्लॉक विटेहून पुष्कळ हलके असतात. मात्र जुन्या तक्तपोशीवर किती भार घालावा, हे स्थापत्य-अभियंत्यासच विचारले पाहिजे.

छताचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले, तर कित्येक दशकांनंतर कर्करोग उद्भवू शकतो. त्याचे सर्व प्रकार घातक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. ब्रिटनने 1999 साली त्यावर बंदी घातली. अखंड पत्र्यापासून धोका कमी असतो; तो कापताना, भोके पाडताना, फोडताना वा कोरडा झाडताना वाढतो. फॉल्स सीलिंगच्या सळ्या टांगण्यासाठी याच पत्र्यांना भोके पाडणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

शेवटचा मुद्दा आगीचा. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातील वेस्ट वॉरविक येथे 2003 साली एका करमणूकगृहाच्या भिंतींवर व छतावर आवाज अडविण्यासाठी लावलेल्या फोमने पेट घेतला आणि 100 माणसे प्राणास मुकली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीत 14 जून 2017 रोजी 72 जण दगावले. तेथे आग पसरविली ती बाहेरून शोभेसाठी बसविलेल्या, पोटात पॉलिथिलीन असलेल्या पत्र्यांनी. ज्या खोल्यांत आपली मुले रात्री निजतात, तेथे थर्मोकोल, फोम किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन नको, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

म्हणून आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत. प्रथम पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे व गटारे दुरुस्त करावीत. तळमजल्याचा सिमेंटचा गिलावा काढून, भिंत वाळू देऊन, चुन्याचा गिलावा व सफेती करावी. पत्रे न फोडता, ओले करून, जाणत्या माणसांकडून अखंड उतरवून घ्यावेत आणि अ‍ॅस्बेस्टॉसविरहित छप्पर घालावे. पहिल्या पावसाळ्यात ते गळत नाही अशी खात्री झाल्यावरच जिप्समचे छत करावे, व वरचा भाग तपासता यावा म्हणून त्यात एक झडप ठेवावी.

यास खर्च अधिक येईल आणि काम दोन वर्षे चालेल, हे खरे. परंतु ही वास्तु आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्गणीच्या पैशांतून उभारली आहे. आज आपण जी ओल झाकू, तिची किंमत उद्या आपल्या मुलांनाच द्यावी लागेल. नव्या साहित्याचा अवश्य स्वीकार करावा. पण दोष झाकण्यासाठी नव्हे, दोष दूर केल्यानंतर. सभेने या दृष्टीने निर्णय घ्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.