मूत्रपिंडाचा रोगी आणि गोडी

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळून खाडीचा पूल ओलांडला कीं भिवंडीच्या वाटेवर कोन हें गांव लागतें. तेथें काय किंवा अन्यत्र काय, संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी आणि दिवसांतून अनेक वेळां होणारा चहा मराठी घरास सुटलेला नाहीं. अशा घरांत एखाद्याचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आणि त्यास मधुमेहही असला, म्हणजे प्रश्न निघतो : साखर वर्ज्य, मग गूळ चालेल काय? कीं गोडीच्या गोळ्या घ्याव्या?

गूळ साखरेपेक्षां निर्दोष, अशी आपली समजूत आहे. या रोग्याच्या बाबतींत ती घातक ठरूं शकते. गूळ रक्तांतील शर्करा वाढवितोच. शिवाय उसाच्या रसांतील पोटॅशियम त्यांत शिल्लक राहतें. शुभ्र साखरेंत तें जवळजवळ नसतें. निरोगी मूत्रपिंडें जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. दुबळ्यांना तें साधत नाहीं. रक्तांत तें फार सांचलें तर हृदयाची गति बिघडते, प्रसंगीं थांबतेही. खजूर-अंजिरांच्या ‘बिनसाखरेच्या’ मिठाईसही हाच न्याय लागू आहे.

आतां गोळ्या. सॅकरीनचा शोध १८७९ सालीं लागला, अ‍ॅस्पार्टेमचा १९६५ सालीं. अ‍ॅस्पार्टेमची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागें ४० मिलिग्रॅम असून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनें २०२३ सालीं तीच कायम ठेविली. चहापुरत्या एकदोन गोळ्या तिच्या फार आंत राहतात. वजन उतरविण्यासाठीं असे पदार्थ घेऊं नयेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच वर्षीं सुचविलें. परंतु तो सल्ला मधुमेह असलेल्यांसाठीं नव्हता. तेव्हां डॉक्टरांस विचारून मधुमेही रोग्यानें त्या बेतानें घेण्यास सामान्यतः हरकत नसते.

मात्र गोडीबरोबर दुसरें काय पोटांत जातें, तें पाहावें. बिनसाखरेच्या कोलापेयांतही फॉस्फरिक आम्ल असतें, आणि फॉस्फरस बाहेर टाकणेंही दुबळ्या मूत्रपिंडांस जड जातें. ज्यांस पाणी मोजून प्यावयाचें आहे, त्यांनीं चहाचा पेलाही त्या हिशेबांत धरावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूत्रपिंडें थकलीं कीं इन्शुलिन शरीरांत अधिक काळ टिकतें. त्यामुळें रक्तांतील शर्करा एकाएकीं उतरूं शकते. घाम सुटतो, हातपाय कांपतात, बोलणें असंबद्ध होतें. अशा वेळीं गोडीची गोळी निरुपयोगी होय, आणि मोसंब्याचा रस किंवा शहाळ्याचें पाणी पोटॅशियममुळें योग्य नव्हे. रोगी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यांत विरघळवून त्यास द्यावी आणि डॉक्टरांस कळवावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

म्हणून अशा घरांत गोळ्यांची डबी चहाच्या कपाटांत असावी. परंतु साखरेची एक पुडी रोग्याच्या उशाशीं नेहमीं ठेवावी.